मोहोळची बोट आणि अक्कांची अट

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. चार माणसांनी मिळून एखादं वेडं काम काढलं, की ते आपोआप साचतात! आमचं वेडं काम म्हणजे मोहोळजवळ हायवेला लागून एक बोट. बर्फाला धडकून बुडालेल्या त्या जगप्रसिद्ध बोटीसारखी, आणि तिच्यात हॉटेल. तेही तरंगणारं!

मालक आबा. हायवेवर त्यांचा धाबा. लग्नात त्यांनी अक्कांना, म्हणजे बायकोला, समुद्र दाखवायचा शब्द दिला होता. धाब्याच्या रगाड्यात ते राहूनच गेलं. साठी उलटल्यावर आबा म्हणाले, "आपल्याला जायाला जमंना, तर समुद्रच हितं आनू की!" धाब्यामागं दगडाची जुनी खाण होती. तिच्यात कालव्याचं पाणी भरलं, की झाला समुद्र!

अक्का म्हणाल्या, "आदी तरंगू द्या, मग चढते. न्हायतर त्यात कोंबड्या पाळते!"

झालं! तेव्हापासून आबांचा जीव टांगणीला.

*

बोट बांधायला आणलं सिद्रामप्पांना. अक्कलकोटचे, जन्मभर उसाच्या ट्रॉल्या बनवलेले. बोटीचं ड्रॉइंग माझं, ते घेऊन मी सोलापूरहून जायचो. एकदा बघतो तर बोटीच्या नाकाला ट्रॅक्टरचा हुक, आणि पाठीमागं लाल रिफ्लेक्टर!

"अप्पा, हे कशाला?"

"बंद पडली तर वडायला नको का, साहेब?"

हुक अजून आहे. रिफ्लेक्टर तर लई शोभतात.

*

मूळ बोटीला चार धुराडी, म्हणून आम्हीही चार केली. एकाखाली आबांनी तंदूर बसवला. पहिल्यांदा पेटवला, तर हायवेवरून दोन ट्रकवाले आग लागली समजून पाण्याचे कॅन घेऊन धावत आले आणि आख्खी भट्टी विझवून गेले. त्या उन्हाळ्यात बोटीनं पाणी पाहिलं ते तेवढंच!

*

कुणीतरी फोनवर विचारलं, "समुद्राकडची खोली मिळेल का?"

"मिळंल की."

"आणि समुद्र?"

आबा म्हणाले, "कालव्याला पान्याची पाळी सुटली, की हाय!"

*

अखेर पाळी सुटली. कालव्याचं पाणी ओढ्यानं खळाळत खाणीत शिरलं. सगळा गाव काठावर. पाणी बोटीच्या कमरेला आलं, छातीला आलं, पण बोट काही हलेना! आबा मटकन खाली बसले. डोळे भरलेले. अक्कांना म्हणाले, "आन तुज्या कोंबड्या!"

अक्का त्यांच्याशेजारी जाऊन टेकल्या. मला भडभडून आलं.

तेवढ्यात माझं लक्ष तारांकडं गेलं. वळवाच्या वाऱ्यानं धाब्याचे पत्रे उडाले होते. बोटीचं तसं होऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून तिला खाणीच्या तळाशी तारांनी गच्च आवळलं होतं. दुष्काळातली माणसं आम्ही! वाऱ्याचं भ्या ठाऊक, पण पाण्यानं वस्तू वर येते हे एकाच्याही डोक्यात नाही. बोट बुडत नव्हती, आम्हीच तिला उठू देत नव्हतो!

"अप्पा, तारा सोडा!"

"अय्यो देवरे!" म्हणत सिद्रामप्पा फळीवरून डेकवर पळाले आणि तारांचे नट ढिले केले. बसलेली म्हैस उठावी तशी बोट आधी एका अंगानं, मग दुसऱ्या अंगानं उठली. आबा रडत रडतच टाळ्या वाजवत होते.

*

अक्कांनी शब्द पाळला. बोटीला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि पदर खोचून चढल्या. पहिलं टेबल त्यांचं. समोर आबा. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. आबांनी किती वर्षं हा घास डोळ्यांपुढं धरला असेल!

तेवढ्यात वारा सुटला. बोट हलली. जराशीच हलली, पण आबांचा चेहरा पांढराफटक! उठले, कठड्याला धरलं आणि भडाभडा ओकले.

अक्का सावकाश उठल्या. पाठीवरून हात फिरवला, नाकापाशी लिंबू धरलं, आणि समोरच्या पाण्याकडं बघत म्हणाल्या,

"बरं झालं, तवा समुद्रावर न्हाय न्हेलं मला!"