धुतलेलं जाळं

गाठकाकूंचं जाळं मी धुतलं. नुसतं धुतलं नाही. दोन पुडे साबण घालून खसाखसा घासलं आणि वर नीळही दिली. शेजारधर्म म्हणून. काकू बाजारात गेल्या होत्या, जाळं दोरीवर ओलंच होतं आणि वारा नेमका आमच्या खिडकीकडे होता.

परत आल्यावर काकूंनी जाळ्याला नाक लावलं आणि मटकन खाली बसल्या. "मेल्या, तीन आठवडे मासळीच्या धुवणात मुरवलं होतं रे ते!"

काकू जाळी दुरुस्त करतात. दोऱ्यातली कसलीही गाठ सोडवतील. मनातली एक मात्र बारा वर्षं तशीच. धाकट्या दिराच्या नव्या घरी त्या कामावरून थेट जेवायला गेल्या, तेव्हा जावेने चारचौघांत त्यांचं ताट व्हरांड्याच्या पायरीवर आणून ठेवलं होतं. "ताई, इथंच बसा हं. गाद्यांना वास लागतो." अन्नाचा काय दोष, म्हणून काकूंनी ताट चाटूनपुसून संपवलं. बाकी काही संपलं नाही.

आता त्याच जावेला समुद्राचं वेड लागलं होतं. मासिकात बघून तिने व्हरांड्याला पांढऱ्या फळ्या ठोकल्या, कठड्याला जाड दोर गुंडाळला, शिंपल्यांच्या माळा सोडल्या, निळ्या उशा मांडल्या. भिंतीवर खरंखुरं, वापरलेलं जाळं तेवढं हवं होतं. तेव्हा ताई आठवल्या. ताईंनीही तोंडभरून हो म्हटलं. कोरड्या हवेत गप्प बसेल आणि दमट हवेत तोंड उघडेल, असं जाळं त्या मुरवत होत्या. त्यालाच मी साबण लावला.

शिक्षा म्हणून मला शिडी धरायला नेलं. काकूंच्या खांद्याला फुगलेली पिशवी होती. घ्यायला गेलो तर हातावर चापट बसली.

जाळं टांगून झालं. जाऊ दोनदा हुंगून म्हणाली, "अय्या ताई, अजिबात वास नाही हो!"

"ह्यानं धुतलं ना," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी शिडीआड झालो.

मग त्यांनी सरळ मधल्या गादीवर मांडी ठोकली. जाऊ चहा टाकायला आत गेली, मी शिडी मागच्या अंगणात ठेवायला. परत येतो तो काकू एकेक उशी मांडीवर घेऊन तान्ह्या बाळासारखी थोपटत होत्या.

एवढ्यात जावेच्या मैत्रिणी आल्या. "जाळं कुणाचं? विणतात कसं?" करत सगळ्या काकूंभोवती बसल्या. गाद्या भरल्या. जाऊ कप घेऊन उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी पायरीवर टेकली. काकूंनी चहाचा भुरका असा मारला की शिंपले वाजले.

परतताना हवा चिकट झाली होती. काकूंची पिशवी रिकामी फडफडत होती.

"बघा, पायरीवर बसली की नाही!" मी म्हटलं. "झाली ना फिट्टंफाट? म्हणजे मी जाळं धुतलं ते बरंच झालं."

"मुरवलेलं दुसरं जाळं कापून तिच्या उशांत भरून आलेय."