आत्यानं शिवलेला बिनबाहीचा ड्रेस

आत्या गेल्याचं मला आधी मोबाईलवरून कळलं. पुण्यात ऑफिसला निघताना भावकीच्या ग्रुपवर तिचा फोटो आला, भोवती फुलांची चौकट, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. माझा विश्वास बसला नाही. आमच्या ग्रुपवर चुकून जिवंत माणसांनाही श्रद्धांजली वाहून झालेली आहे. मी पप्पांना फोन लावला. ते म्हणाले, “अक्का गेली. सकाळी, मशीनवर बसल्या बसल्याच.” मला रडू आलं नाही. दोन वर्षं मी तिच्याशी नीट बोलले नव्हते आणि त्याला कारण एक फोटोच होता.

पाथरीत स्टँडच्या मागच्या गल्लीत आत्याचं दुकान होतं, म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. ती फक्त बायकांचे कपडे शिवायची. माप द्यायला बाई उभी राहिली की आत्या आधी तिचा मोबाईल मागून घ्यायची, पालथा ठेवायची, वर अस्तराचा तुकडा टाकायची आणि मगच टेप हातात घ्यायची. “त्याला डोळा हाय बाई. बंद केला म्हन्ता, पर झाकला कुटं?” ऑनलाईन मागवलेले ड्रेस दुरुस्तीला आले की तिला चेव यायचा. “फ्री साईज म्हंजे कुनाचाच साईज न्हाई. न बगता केल्यालं लगीन हाय हे, आता उसवत बसा.” पण गळा खोल हवा, पाठ उघडी हवी, तर ती मुकाट्यानं शिवून द्यायची. तिचा राग कपड्यावर नव्हता, बघणाऱ्यावर होता. स्वतः मात्र कडक इस्त्रीशिवाय उंबरा ओलांडायची नाही. आमच्या वस्तीतल्या पोरींना सांगायची, “आपल्या लोकायचं आडनाव इचारायच्या आधी कपडा बगतेत. कपड्यात तरी खोट काढू द्याची न्हाई.”

मी परभणीच्या इंग्रजी शाळेत शिकले. सुट्टीत तिच्याकडे गेले की कोपऱ्यात बसून काज-बटणं करायचे आणि येणाऱ्या बायकांचं ऐकायचे. मी बोलत नाही म्हणून ती चिडवायची, “तुज्या विंग्रजी शाळेनं तुजं तोंड ठिवून घेतलं का गं?” तिच्यासमोर मला बोलावं लागत नसे, म्हणूनच ती मला आवडायची.

पुण्यात नोकरी लागल्यावर एका मॉलच्या ट्रायल रूममध्ये मी एक बिनबाहीचा निळा ड्रेस घालून पाहिला. विकत घेतला नाही. आरशातला फोटो काढून फक्त आत्याला पाठवला, असाच शिवून दे म्हणून. दोन आठवड्यांनी परभणीला घरी गेले तर जेवताना पप्पांनी माझ्या ताटाशेजारी त्यांचा मोबाईल ठेवला. त्यात तोच फोटो. “कुणासाठी काढलास?” त्यांनी विचारलं. आत्यासाठी, एवढंच मला म्हणायचं होतं. पण फोटो एकाच माणसाकडे होता, तेव्हा ते सगळं माहीत असूनच विचारतायत असं मला वाटलं. मी भाकरी मोडत राहिले. उन्हाळ्यात पुणं सोडून परत ये, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. मी आले नाही. तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं राहिलं, आणि पाथरीला जाणं तर मी बंदच केलं. जगाचे मोबाईल झाकणाऱ्या बाईनं माझा फोटो भावाला दाखवला, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं. दिवाळीत तिचा फोन आला. “ड्रेस शिवून ठिवलाय. कवा यायलीस?” मी म्हणाले, बघते. तिनं तोंड ठेवून घेतल्याचा विनोद पुन्हा केला आणि मी फोन ठेवला.

पाथरीत आत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पांढऱ्या कपड्यांतली माणसं पांगली आणि मी वहिनीला, म्हणजे आत्याच्या सुनेला, दुकान आवरू लागले. तिनं मांडणीवरून एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. “हे तुमचं हाय. कुनाला हात लावू देत न्हवत्या.” आत निळा ड्रेस होता आणि त्याला टाचणीनं लावलेला एक छापील कागद. माझाच फोटो, मुंढ्यावर आणि कमरेवर पेन्सिलीनं मापं टाकलेली. चेहऱ्याच्या जागी मात्र गोल भोक होतं, कात्रीनं नीट कापलेलं.

“कागद कशाला?” मी विचारलं.

“मोबाईलवर बगून कापता येत न्हाई म्हनल्या. खडूचं बोट लागलं की फोटो सरकतो. मग स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आनला. तिथं त्यायच्या नंबरवर पाठवावा लागतो ना.”

परतताना एसटीत मी पप्पांना विचारलं, फोटो कुणी पाठवला होता. मानवत गाव मागे पडल्यावर त्यांनी सांगितलं, “ओळखीच्या एकानं. त्याला स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसला.” मग म्हणाले, “अक्का आली होती नंतर. लय बोलली मला.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठं?”

मला राग आला, पण आमच्या घरात विचारण्याची सवय कुणालाच नाही, मला तर सर्वांत कमी. आता विचारायचं आहे तर माणूस नाही. तो चेहरा तिनं छापून आणल्याबरोबर कापला, की बभ्रा झाल्यावर? मला आधीचंच खरं मानावंसं वाटतं, म्हणून मी त्यावर फार भरवसा ठेवत नाही.

पुण्याला आल्यावर ड्रेस घालून पाहिला. दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा, तरी बरोबर बसला. काखेत काहीतरी टोचलं म्हणून उलटा केला. आत दोन बाह्या होत्या, त्याच निळ्या कापडाच्या, कडेची तुरपाई केलेल्या, कच्च्या धाग्यानं चार टाके घालून टाचून ठेवलेल्या. एका ओढीत निघतील किंवा अर्ध्या तासात लागतील. बाह्या लाव, असं तिला सुचवायचं होतं की तुझं तू ठरव म्हणायचं होतं, ते मला कळत नाही... सध्या मी तो ड्रेस तसाच घालते. दिवसभर त्या आत टोचत राहतात.