पार्बताबाईच्या बाजूची सीट

पातूरची पार्बताबाई म्हणजे फुलवाली. झेंडू, शेवंती आपल्याच वावरातली, अन् अकोल्यातल्या कितीतरी लग्नांचे मांडव तिच्याच हातचे. बाई गोड बोलणारी. पण एक गोष्ट तिनं पोटात ठेवली होती, अन् रोज खतपाणी घालून वाढवली होती.

तिच्या बापानं अंथरूण धरलं अन् अकोल्याहून निरोप आला, लवकर या. तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ महादेवराव, तेव्हा मोटारीनं अकोल्यालेच निघाला होता. मागं संत्र्याच्या पेट्या, पुढं त्याच्या बाजूची जागा रिकामी. पार्बता पदर ओढून दाराआडून म्हणाली, "मले नेता काय?"

महादेवराव तिच्याकडं न पाहता भावाले म्हणाला, "सहदेव, भासऱ्याच्या बाजूले बसन काय ते? लोक काय म्हणतीन? एसटीनं पाठव."

आता रीत होतीच तशी. भासऱ्यापुढं डोक्यावर पदर घ्यायचा, त्याच्या बाकावर टेकायचं नाही. पण पेट्या तर उतरवता येत होत्या न! एसटीनं ती पोचली, तोवर घरात रडारड सुरू झाली होती. त्या दिवशीच तिनं ठरवलं, याची रीत यालेच खाऊ घालीन.

सहदेव वारल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, ती गाडी शिकली. पोरगा कुंदन शिकवे अन् कपाळावर हात मारे. "आई, क्लच हाये तो, शिलाई मशीन नाही!" मग तिनं वॅगनआर घेतली. गाडी छोटी, पण छत उंच. मागची सीट दुमडली की फुलांचे डाले वरपर्यंत मावतात.

यंदा महादेवरावाच्या नातीचं, पौर्णिमाचं लग्न अकोल्याच्या जुन्या शहरात होतं. पार्बताबाई हार अन् मांडवाची फुलं घेऊन निघाली. वाटेत पाहते तर भासरा! मोटार बंद पडलेली, घरचे सगळे आधीच पुढं गेलेले, अन् चहाच्या टपरीवरची माणसं मजा पाहून राहिलेली.

तिनं गाडी थांबवली, पदर डोक्यावर घेतला, मग काच खाली केली.

"काहून बसली मोटार, भाऊजी?"

"काय सांगू! अक्षतेची वेळ होऊन राहिली. मागं बसतो मी."

"मागं फुलं हायेत."

"मंग पुढं..."

"अगं माय! माह्या बाजूले? लोक काय म्हणतीन?"

टपरीवर कोणीतरी फिसकन हसलं.

"थोडे डाले उतरव न."

"नातीचा हार रस्त्यावर ठेवू? एसटीनं या तुमी."

महादेवरावाचा चेहरा उतरला. कळलं त्याले. "पार्बता, पोरीवर अक्षता टाकाच्या हायेत मले."

"मले बापाच्या तोंडात पाणी घालाचं होतं."

टपरीवरचं हसणं थांबलं.

"चुकलो मी," तो पुटपुटला.

"मले नका सांगू. ज्या लोकाइले भेत होते, त्याइले सांगा."

महादेवराव टपरीकडं वळला. "चुकलो! इचा बाप मरणाच्या दारात होता अन् मी इले नेलं नाही. जागा होती."

तिनं दार उघडलं.

गाडी अकोल्यात शिरली. मांडवाच्या मागच्या दारी सोड, असं तो दोनदा म्हणाला. तिनं गाडी थेट पाहुण्यांच्या गर्दीत नेली, अन् सगळी मुंडकी वळेपर्यंत हॉर्न वाजवत राहिली. महादेवराव तिच्या बाजूच्या सीटवरून उतरला, खालमानेनं आत गेला.

बाप काही परत येणार नव्हता. पण त्या दिवशी पंगतीत पार्बताबाईनं बुंदी दोनदा मागून घेतली.