बंदुकीचं हलकं टोपण

माझा नवरा घरात झुरळ दिसलं तरी कागदावर घेऊन बाहेर सोडून यायचा, आणि त्याच्याकडे बंदूक होती. टेक्सासात असं होतं. ऑफिसातल्या लोकांनी एका शनिवारी यांना नेमबाजीच्या मैदानावर नेलं, आणि हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायचा यांना नादच लागला. पाखरू मरत नाही, कुणाचं काही बिघडत नाही, उलट हात साफ होतो, असं हे मला पटवायचे. मग एका निवृत्त होणाऱ्या गृहस्थाकडून यांनी एक जुनी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन विकत घेतली. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी दसरा होता, म्हणून बोलावं लागलं. मी माझा मापं घ्यायचा व्हर्नियर पाटावर मांडला होता, त्याच्या शेजारी यांनी बंदूक आणून ठेवली आणि तिला हळदकुंकू वाहिलं.

व्हर्नियर माझा, कारण आमच्या गावात, अर्विंगमध्ये, मी मशीन शॉपमध्ये कामाला होते. पुण्यात मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. इथे आल्यावर कम्युनिटी कॉलेजात ज्या वेळेला आमची एकुलती एक गाडी मोकळी असायची त्या वेळेला फक्त मशीनिंगचा वर्ग होता, म्हणून मी लेथवर धातू कातायला शिकले. आमच्याकडच्या बायकांना ते ऐकून काय वाटायचं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला मात्र ते काम मनापासून आवडायचं. विमानाचे बारके भाग करायचे, मापात बसले की बसले, त्यात कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

यांचा डावा हात आधी चहाच्या कपाला दगा द्यायला लागला. मग शर्टाच्या बटणांना. स्नायू हळूहळू वाळत जाण्याचा आजार आहे, त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. गाडीत बसल्यावर मी रडेन म्हणून हे वाट बघत होते, पण मला आधी राग येतो, रडू नंतर. मी सिग्नलवर पुढच्या गाडीला उगाच हॉर्न वाजवला.

"शनिवारचं जमेल ना अजून थोडे दिवस?" हे म्हणाले.

एवढंच त्यांना हवं होतं. ऑफिसात ते हिशेबाला पक्के असलेले इंडियन गृहस्थ होते, आमच्या मंडळींत ते कुणाचे तरी काका होते. मैदानावर ते नुसते एक नेमबाज होते. तिथले मित्र त्यांची टर उडवायचे, तेही उडवायचे. तिथे दुसऱ्याने बंदूक धरायला हात लावलेला त्यांना चालणार नव्हता. स्वतः उचलून उभं राहता येईल तोवर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

बंदुकीचं वजन पुढे होतं. नळीखाली काडतुसांची दुसरी नळी असते, तिच्या तोंडावर आट्यांचं टोपण बसतं, आणि त्या टोपणानेच पुढचं लाकूड जागेवर राहतं. आधीच्या मालकाने तिथे मुद्दाम भरीव पोलादी टोपण करून घेतलं होतं, नेम डगमगू नये म्हणून. पेरूएवढा तो गोळा नेमका डाव्या हाताच्या पुढे लोंबायचा. मी तो काढून हातात घेतला आणि म्हटलं, "अहो, हे मी ॲल्युमिनियमचं करून देते."

"धक्का जास्त बसेल मग."

"बसू दे. खांदा तर धड आहे ना तुमचा?"

फोरमनला विचारलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता तो म्हणाला की शिफ्ट संपल्यावर मी काय करते ते त्याला दिसत नाही. भंगाराच्या पेटीतून चांगला गोल बार त्यानेच काढून दिला. पहिल्या टोपणाचे आटे ढिले झाले, ते फेकलं. दुसऱ्यात मी जीव ओतला. आतून कोरून कोरून भिंत इतकी पातळ आणली की कापणारी धार केसभर पुढे गेली असती तर आरपारच. बाहेरून बोटांना पकड यावी म्हणून बारीक खरखरीत जाळी पाडली. पोलादी गोळा एका हातात आणि नवं टोपण दुसऱ्या हातात घेतलं, तर दुसरा हात रिकामाच वाटला. त्या दिवशी मी गाडीत गाणं म्हणत घरी आले. आजाराची बातमी कळल्यापासून पहिल्यांदाच.

यांनी टोपण उजव्या हातात फिरवून फिरवून बघितलं. उजेडात धरलं, नखाने जाळी चाचपली.

"हे तू केलंस?"

"नाही, शेजारणीने केलं."

ते हसले. गुढीपाडवा नुकताच होऊन गेला होता.

त्यानंतरच्या शनिवारी हे मैदानावरून परत आल्यावर मी दारातच विचारलं, "कसं आहे टोपण?" "फर्स्ट क्लास झालंय," हे म्हणाले. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मराठी मंडळाच्या जेवणात मी चार बायकांना ती गोष्ट ऐकवली. पण जून गेला, जुलै गेला, आणि हे मैदानावरून यायचे ते भिंत धरून. डावा हात मांडीवर ठेवून बसायचे. मी तेल चोळायचे आणि मनात हिशेब मांडायचे की अजून कुठून वजन काढता येईल.

"द्या ते टोपण. अजून पातळ करते."

"नको, आहे तसंच राहू दे. छान आहे."

ऑगस्टमध्ये ते मैदानावर घडीची खुर्ची घेऊन जायला लागले. सप्टेंबरात बंदूक गाडीतून खाली काढलीच नाही, नुसते बघून आले. माझी वस्तू कमी पडली असं मला वाटलं. आजाराशी माझी शर्यत होती आणि मी हरले, हे मी मान्य करून टाकलं होतं.

मग दसरा आला. पाटावर माझा व्हर्नियर, आमच्या मुलीची शाळेची कंपासपेटी, यांचा कॅल्क्युलेटर मांडला. बंदूक रिकामी असल्याची यांनी नेहमीप्रमाणे दोनदा खात्री केली आणि माझ्याकडून ती पाटावर ठेवून घेतली. फुलं वाहायला मी वाकले, तर नळीखाली तो पोलादी गोळा.

मी वर बघितलं. यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली होती. एका हाताने गाठ सुटेना, मग दातांनी सोडली. आत माझं टोपण. काजळीचा ठिपका नाही, ओरखडा नाही.

"आज पूजा करू," ते म्हणाले, "आणि मग बसवू."

आमच्या घरात नवीन वस्तू अशीच ठेवायची रीत होती. सोफ्यावरचं प्लास्टिक आम्ही काढलं नव्हतं. काचेच्या बशा पाहुण्यांची वाट बघत कपाटात बसल्या होत्या. यांचे नवे शर्ट टाचण्यांसकट घडीत असत. हत्याराला नवं काही बसवायचं तर दसऱ्याची पूजा झाल्यावर, हे सासूबाईंनी यांना लहानपणापासून शिकवलेलं. गाडी घेतली तेव्हा पार्किंगमध्ये नारळ फुटेपर्यंत यांनी मलासुद्धा आत बसू दिलं नव्हतं. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तरीही ते माझ्या डोक्यात आलं नाही; बंदूक पेटीत बंद असायची, ती कधी उघडूनही बघितली नाही.

"मग इतके महिने काय उचलत होतात?" माझा आवाज चढला. "हा लोखंडाचा गोळा?"

"अगं, एवढं सुंदर केलंयस. ते काय असंच घालायचं?"

"मॉम, डोंट येल ॲट हिम," मुलगी म्हणाली, आणि तेव्हा मला रडू आलं.

यांनी मला रडू दिलं. मग टोपणाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. मी पोलादी टोपण काढलं. नवं यांनी स्वतः उजव्या हाताने फिरवून बसवलं. आटे लोण्यासारखे गेले. मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, दस्ता खांद्याला लावला, आणि डावा हात लाकडाखाली नेला.

हात तिथेच राहिला. त्यांनी दात आवळले, मान ताणली, पण नळी खालच्या खालीच.

मी जवळ गेले. मैदानावर कुणाला हात लावू दिला नसता, पण हे आमचं घर होतं. त्यांच्या तळहाताखाली मी माझा तळहात घातला आणि उचललं. नळी वर आली. त्यांनी गाल टेकवला, एक डोळा मिटला, आणि भिंतीवरून न दिसणारी तबकडी जात असावी तशी नळी सावकाश डावीकडून उजवीकडे नेली. मी त्यांच्याबरोबर पावलं सरकवत गेले.

"बघ," ते म्हणाले, "किती हलकी झाली."

सगळं वजन माझ्या हातावर होतं.

"हो," मी म्हटलं.