टाकीवरची सलामी

आमच्या अहमदपुरातल्या जलीलचाचाचे गाल तुम्ही बघितले नसतील, तर तुम्ही गाल बघितलेच नाहीत. पितळी कॉर्नेट फुंकून फुंकून ते असे झाले होते, की चाचा गप्प बसला तरी दोन्हीकडं एकेक लिंबू धरून बसलाय असं वाटायचं. गप्प बसायचा म्हणा कधी? लग्नसराईत बँड, एरवी स्टोव्हची दुरुस्ती, आणि बारा महिने तोंडाचा पट्टा चालू! त्याचं घर आमच्या घरासमोर. मी जन्मले आणि आईला दवाखान्यातून घरी आणलं, तर हा म्हणे लाल युनिफॉर्म घालून आमच्या दारात उभा. सलामी वाजवली आणि माझ्या वडलांना, लिंबाजी गुरुजींना, म्हणाला, "गुरुजी, हिच्या लग्नात पण पहिली फुंक माझी. दुसऱ्या कुणी फुंकली तर बघा मग!"

तेव्हापासून मी त्याची पंची. पंचशीला म्हणून त्यानं मला एकदाही हाक मारली नाही.

माझं लग्न ठरलं ते लातूरचा नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. नवरदेव मुखेडचा, रामकिशन नाव, नव्या कलेक्टर ऑफिसात नवाकोरा कारकून. जिल्हा नवा, साहेब नवे, कपाटांना अजून कुलपं बसायची होती. रजा मिळाली ती कशीबशी दोन दिवसांची. त्यामुळं तारीख हलवायची सोय नव्हती. वर दुष्काळ असा, की वडील पाहुण्यांना आमंत्रण देतानाच सांगायचे, "या, आणि येताना भरलेली घागर आणा." आमच्या गल्लीमागच्या मैदानात नगरपालिकेची उंच टाकी होती, पण तिच्यात संक्रांतीपासून थेंब नव्हता. नुसती शोभेला उभी.

आणि लग्न आठ दिवसांवर आलेलं असताना चाचाच्या नातीला, बानोला, गालफुगी झाली.

आता पोरांना गालफुगी होतेच. गेरूचा लेप लावायचा, तोंड लाल करून घरात बसवायचं, झालं. पण ही बानो म्हणजे आजोबाची शेपूट. चाचा रोज संध्याकाळी सरावाला बसला की आधी हिला कॉर्नेटमध्ये पों करायचं असायचं. ती पों करायची, आणि लगेच त्याच तोंडानं, म्हणजे कॉर्नेटच्या त्याच तोंडानं, चाचा सुरू! गाल सुजले त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हे असंच चाललेलं.

चाचा दवाखान्यात गेला. सोबत बँडातला क्लॅरिनेटवाला ग्यानोबा. डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी तुम्हाला झाली होती का?"

"याद न्हाई, साहेब."

"झाली असेल तर सहसा पुन्हा होत नाही. नसेल, तर दोन-तीन आठवडे लोकांत जायचं नाही. गाल सुजायच्या आधीपासूनच दुसऱ्याला लागते ही. थुंकीतून पसरते, त्यामुळं वाजवायला तर मुळीच जाऊ नका. आणि मोठ्या गड्याला झाली, तर एखाद्याला..." पुढचं डॉक्टरांनी आवाज उतरवून सांगितलं. एखाद्या गड्याला त्यानं पुढं लेकरूच होत नाही, हे मला लग्नानंतर कळलं, पण ग्यानोबा दवाखान्यातून घरापर्यंत मांड्या आवळूनच चालत आला, हे सगळ्या गल्लीनं बघितलं.

मग सगळी बँडपार्टी चाचाच्या ओट्यासमोर जमली. चार हात लांबून तपासणी सुरू झाली.

"सुजलेत की हो."

"सुजलेत कुठं? असेच हायेत ते."

"चाचा, जरा फुगवा. आता सोडा. पुन्हा फुगवा."

चाचा बिचारा फुगवून राहिला, सोडून राहिला. ग्यानोबा घरी पळत जाऊन बँडाचा जुना फोटो घेऊन आला. फोटोतले गाल बघा, ओट्यावरचे गाल बघा, कुणाला काही कळेना. ढोलवाला म्हणाला, "ह्या माणसाला गालफुगी झाली तरी समजायचं कसं?" मी आमच्या दारातून हसून हसून खालीच बसले. नवरी होते, पण काय करू!

शेवटी अमीरबी फुफीला विचारलं. ही चाचाची मोठी बहीण, डोळ्यानं अधू पण जिभेनं तिखट. ती म्हणाली, "झाली होती ना! गेरू मीच उगाळला होता."

"मला झाली होती ना, आपा?" चाचाच्या जिवात जीव आला.

"तुला का खलीलला, ते याद न्हाई. दोघं सारखेच दिसायचात, सारखेच रडायचात."

खलील म्हणजे धाकटा भाऊ. तो तर कधीच अल्लाला प्यारा झालेला. आता कुणाला विचारणार?

इथं माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले, तर चाचा ओट्यावरून ओरडला, "तिथंच थांब! उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई!"

"चाचा, तुम्ही येणार का न्हाई ते सांगा. तुमचे गाल ठणठणीत हायेत. उगंच सोंगं करू नका."

"पंची, मला काय हौस हाय का घरी बसायची? असं कर. नवरदेवाला लहानपणी झाली होती का, ते इचार. त्याच्या शेजारीच चालायचं असतंय मला. झाली असंल तर दुसऱ्यांपासून लांब राहून येतो मी."

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मुखेडचं वऱ्हाड शाळेत उतरलं. वडील चहा-पाणी विचारत विचारत विहिणीजवळ, सरजाबाईंजवळ, गेले आणि चाचरत म्हणाले, "विहीणबाई, एक इचारायचं होतं. जावयबापूंना लहानपणी गालफुगी झाली होती का?"

सरजाबाईंनी कप खाली ठेवला. "का हो गुरुजी? बाजारात बैलाचे दात बघतात तसे गाल बघून पोरगी देता का काय? न्हाई झाली. माझ्या लेकाला गोवर न्हाई, कांजण्या न्हाई, काही न्हाई. लई जपलाय मी त्याला."

वडलांनी येऊन हे सांगितलं, तसा चाचा ओट्यावर मटकन बसला. "लई जपलं म्हणं बाईनं," एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं मला हाक मारली, लांबूनच.

"पंची, मी न्हाई येत."

"चाचा!"

"ऐक. तू जन्मलीस तेव्हा मी वाजवलं. तुझं लेकरू जन्मलं की त्याच्यासाठी पण वाजवायचं हाय मला. उद्या हौसेनं आलो, आणि त्या पोराला माझ्यापायी काही झालं, तर कुणापुढं वाजवू मी?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "मग पहिली फुंक कुणाची? त्या ग्यानोबाची? त्याचं क्लॅरिनेट ऐकून माझं सासर परत जाईल मुखेडला!"

चाचा माझ्या डोक्यावरून मागं कुठंतरी बघून राहिला होता. मी वळून बघितलं. मागं टाकी.

"चाचा, न्हाई हं."

"का? मैदान मोकळं हाय, रस्ता लांब हाय. थुंकी काय तिथवर पोचती?"

"आणि वाऱ्यानं आली तर?"

"वारा मुखेडकडं वाहून राहिला."

"अहो, तिकडंच माझं सासर हाय!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा चाचा हसला. गाल असे काही वर चढले, की डोळेच दिसेनात.

दुसऱ्या दिवशी नवरदेवाची मिरवणूक शाळेतून निघायची वेळ झाली. मी लग्नाची पांढरी साडी नेसून, सगळ्यांची नजर चुकवून, घराच्या माळवदावर चढले. समोर रस्त्यावर बँड उभा, घोड्यावर रामकिशन, आणि वाजवायचं कुणीच नाव घेईना. ग्यानोबा क्लॅरिनेट छातीशी धरून पुतळ्यागत उभा. सरजाबाई कडाडल्या, "मुहूर्ताची वाट बघता का पावसाची?"

आणि तेवढ्यात वरून सलामी सुटली.

काय सांगू! अहो, टाकी रिकामी, त्यामुळं सूर खाली उतरायच्या आधी टाकीत घुमायचा आणि दुप्पट होऊन यायचा. वऱ्हाडातली माणसं इकडं बघतात, तिकडं बघतात, आवाज कुठून येतोय पत्ता नाही. रामकिशनचं घोडं कान टवकारून गोल फिरलं. आणि उन्हात टाकीच्या कडेला लाल युनिफॉर्म चमकला.

मागच्या गल्लीतून कुणीतरी बोंब मारली, "टाकीवर माणूस चढला! पाणी सोडून राहिले! पळा!"

बस! सगळी वस्ती घागरी, हंडे, बादल्या घेऊन धावत सुटली. बायका, म्हातारे, अर्धी दाढी झालेला एक जण तसाच साबणासकट. मैदानात जाऊन बघतात तर नळ कोरडा, आणि वर चाचा डोळे मिटून वाजवतोय. एक बाई शिव्या द्यायला तोंड उघडणार, तोच अमीरबी फुफीनं आपली रिकामी घागर काखेत घेतली आणि तिच्यावर ठेका धरला. "पानी न्हाई तर न्हाई," ती ओरडली, "पोरीचं लगीन तर हाय!"

मग काय विचारता! घागरी वाजल्या, हंडे वाजले, बादल्या वाजल्या. ग्यानोबाला जोर चढला. पाणी न्यायला आलेली सगळी गर्दी मिरवणुकीत शिरली. मुखेडच्या पाहुण्यांना वाटलं ही अहमदपूरची रीत असेल, त्यांनीही भरून आणलेल्या घागरी वाजवायला रिकाम्या करायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या. मी माळवदावर एकटीच नाचले. नवरी असून! खालून आई ओरडून राहिली, मी ऐकलं नाही. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

जेवणं होईपर्यंत चाचा खाली उतरला नाही. सरजाबाईंनी वडलांना विचारलं, "कोण हो तो येडा?" वडलांनी सगळं सांगितलं, गालांपासून ते त्यांच्या लेकापर्यंत. सरजाबाई स्वतः उठल्या, डब्यात बुंदी आणि पुऱ्या भरल्या आणि दोर बांधून टाकीवर पाठवल्या.

पुढं मी लातूरला आले. काही दिवसांनी अहमदपूरच्या एसटीच्या कंडक्टरनं निरोप आणला: चाचाला झाली. दोन्ही बाजूंनी! बँडवाले दोन दिवस वादच घालत बसले होते म्हणे, सूज हाय का सवय हाय. शेवटी चाचाला भाकरी चावेना तेव्हा पटलं. फुफीनं गेरू उगाळला, गालाला हात लावला आणि म्हणाली, "आता याद आलं. तेव्हा खलीलला लावला होता."

निरोप ऐकून रामकिशन हसला नाही. त्यानं नुसता आपल्या गालांवरून हात फिरवला.

वर्षभरानं पोरगा झाला. बाळंतपणाला मी माहेरी होते. दवाखान्यातून घरी आणलं, तर दारात लाल युनिफॉर्म! सरजाबाई नातवाला घ्यायला हात पसरून पुढं आल्या होत्या. रामकिशननं बाळ उचललं, आईला म्हणाला, "थांब जरा," आणि सरळ जाऊन चाचाच्या हातात दिलं. "आधी तुम्ही घ्या, चाचा."

सरजाबाईंनी हात मागं घेतले आणि डोळ्याला पदर लावला.

चाचानं बाळ घेतलं, डोळे भरून बघितलं, आजीकडं दिलं आणि कॉर्नेट तोंडाला लावलं. फुंकलं, तर नुसतं फुस्स. पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. ओठ थरथरत होते, नाक वाहत होतं, आणि एवढ्या मोठ्या त्या गालांत काही केल्या हवा राहीना.

बानो पुढं झाली. आजोबाच्या हातातून तिनं कॉर्नेट घेतलं, फडक्यानं कॉर्नेटचं तोंड स्वच्छ पुसलं, आणि जोरात पों केलं.