इंदुताईंची दुसरी साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी साक्षीची वेळ असते. ज्याच्यासाठी देवानं काही केलं त्यानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं. त्यात माझा आवाज नेहमी सगळ्यांच्या वर. जानेवारीत इंदुताई उभ्या राहिल्या तेव्हाही मी तसंच ठणकावून म्हटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

इंदुताई माझ्या शेजारीण. नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. नंदनवन भागातल्या एका शाळेत आया म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसण्यात जन्म काढला. खोटं बोलणं त्यांना जमायचंच नाही. नवी साडी कशी दिसते असं विचारलं, की खरं सांगून मोकळ्या. म्हणून मी विचारणंच सोडलं होतं.

जानेवारीत त्यांच्या डाव्या छातीत गाठ लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुईनं तपासून बघू, सोमवारी या. आम्ही बायकांनी तीन दिवस उपास-प्रार्थना धरली. तिसऱ्या दिवशी इंदुताईंना गाठ लहान वाटली. 'वाटली' एवढ्यावरच थांबायचं, तर आम्ही कसल्या थांबतोय! दुसऱ्या दिवशी साक्षीचा रविवार होता. मी त्यांना कोपरानं ढोसलं आणि त्या उभ्या राहिल्या. "प्रभूनं माही गाठ काढून टाकली," म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. सोमवारी त्या तपासायला गेल्या नाहीत. देवानं बरं केल्यावर डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं आम्हीच सगळ्या म्हणत होतो.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी, भर दुपारी त्या माझ्याकडे आल्या, दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "कामिनी, हात लाव."

मी हात लावला. गाठ लिंबाएवढी होती.

"कधीपासून हो ताई?"

"गेलीच नव्हती वं. आठ दिवसांतच हाताले लागून राहिली होती."

"मग सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? देवाचं नाव घेऊन खोटं बोलली म्हणू? लोक आपल्या आजाऱ्याईले घेऊन माह्याकडे येऊन राहिले. डोक्यावर हात ठेवा म्हणते. मी ठेवते अन् आतून थरथरते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "मरायचं भेव नाही असं म्हणत होती मी. लय आहे. अन् हे त्या साक्षीची शिक्षा तर नसंल?"

मी उलट अक्कल शिकवली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं, सोमवारी गुपचूप जाऊ, मंडळीत कोणाला कळायला नको. त्या बरं म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसले होते, तेवढ्यात पायल पेढे घेऊन आली. ही आमच्याच गल्लीतली, मंडळीत येणारी, बावीस वर्षांची पोरगी, हिंगण्याला कंपनीत कामाला. लहानपणापासून तिला फिट यायची. गोळ्या सुरू झाल्यापासून चार वर्षांत एकदाही आली नव्हती.

"ताई, तुमची साक्ष मनात धरून मी गोळ्या बंद केल्या," ती म्हणाली. "महिना झाला. आईले नाही सांगतलं. एकदा जराशी आली होती, पण ते बी जाईल न? सोमवारपासून मले पत्रा कापायच्या मशीनवर टाकून राहिले."

इंदुताईंनी तिचं मनगट धरलं. "पायल, गोळी घे वं माय."

"काहून? तुम्ही गेल्या होत्या का डॉक्टरकडे?"

इंदुताई हातातल्या पेढ्याकडे बघत राहिल्या. पायल हसून निघून गेली. मग त्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि लहान पोरासारख्या रडल्या. मला त्या मशीनचं पातं दिसत होतं, आणि त्याच्याजवळ पायलची बोटं. म्हटलं, तिला एकटीला बोलावून सांगा.

"ती एकटीच असंल कशावरून?" त्या म्हणाल्या. "साक्ष साऱ्याईले दिली मी."

दुसरा दिवस नेमका साक्षीचा होता. इंदुताई उठल्या तसे उपासना घेणारे पाळकसाहेब कौतुकानं हसले. इंदुताईंनी पुढच्या बाकाची पाठ घट्ट धरली होती.

"माही गाठ आहे," त्या म्हणाल्या. "गेलीच नव्हती. मी घाईनं बोलली, अन् मग लाजेनं चूप राहिली. उद्या तपासाले जाऊन राहिली. मले लय भेव लागून राहिलं. रातभर वाटलं, देवानं मले टाकलं. तरी हाका त्यालेच मारल्या, दुसरं कोण आहे मले? पायल, आज घरी जाऊन गोळी घे. ज्याईनं ज्याईनं सोडली, त्याईनं घ्या."

कोणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी मान खाली घातली. एक बाई पोराला घेऊन सरळ बाहेर गेली. इंदुताई तरी बसल्या नाहीत. मला उठून त्यांच्या शेजारी उभं राहायचं होतं. लोक काय म्हणतील या भीतीनं मी जागची हलले नाही. पायल ओढणीत तोंड खुपसून रडत होती.

मग पुरुषांच्या बाजूनं धोंडबाकाका उठले. त्यांच्या पायाला फडकं बांधलेलं होतं. "शुगरची गोळी मी बी सोडली, बाई," ते म्हणाले. "फेब्रुवारीपासून. जखम भरून नाही राहिली."

सोमवारी तपासणीच्या खोलीबाहेर इंदुताईंनी माझा हात धरला. प्रार्थना कर म्हणाल्या. मी विचारलं, "गाठ साधी निघू दे म्हणू?"

"ते त्याले माहीत आहे. तू एवढंच म्हण, इंदू आत जाऊन राहिली, तिच्यासंग जा."

नर्सनं नाव पुकारलं, आणि त्या माझा हात सोडून आत गेल्या.