पाचव्या आठवड्यातली जेनालिन

बाळ पाच आठवड्यांचं झालं, तरी जेनालिनला पुस्तक हातात घ्यायची मनाई होती. बाळंतिणीनं डोळ्यांवर ताण दिला की बिनात होतो, असं सासूचं, नानाय पासिंगचं, ठाम मत. बिनात म्हणजे बाळंतपणातलं उलटलेलं दुखणं. नानायची धाकटी बहीण त्यातच गेली होती. त्यामुळे दोन महिने केस धुणं नाही, शिवण नाही, वारा नाही आणि अक्षर तर नाहीच नाही.

जेनालिन सतरा वर्षांची. पोट दिसायला लागलं तशी शाळा सुटली. नवरा रोदेल मासेमारीच्या बोटीवर, महिन्यातून दोन दिवस घरी. शाळा सुटलेल्यांसाठी गावात शनिवारी वर्ग भरायचा. त्यांची परीक्षा याच रविवारी होती. ती हुकली की वर्ष गेलं.

बुधवारी वर्गाच्या बाई आल्या, मॅम तेरेसिता. हातात अभ्यासाची पुस्तिका.

"परीक्षेला बाळाला घेऊन ये गं. तिथं पाळणा आहे, सांभाळायला बाई आहे."

"आणि रस्त्यावरचा वारा कोण सांभाळणार?" नानाय शेवग्याच्या पाल्याचं सूप ढवळत म्हणाली. "तुमच्या पाळण्यात मावतो का तो?"

मॅम हसल्या, पण पुस्तिका ठेवून गेल्या.

"नानाय, मी डोळे मिटून पडते. तुम्ही वाचा," जेनालिन म्हणाली. "ऐकल्यानं तर काही होत नाही ना?"

नानायनं बराच विचार केला. ऐकण्याला मनाई असल्याचं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती सहावीपर्यंत शिकलेली. चष्मा लावून, बोट ठेवत ती एकेक शब्द सोडवू लागली. अपूर्णांकांशी येऊन अडली.

"तीन चतुर्थांश आणि एक अष्टमांश... म्हणजे चार बारांश."

"सात अष्टमांश, नानाय." जेनालिनचे डोळे मिटलेलेच.

पुस्तिकेच्या मागं छापलेलं उत्तर पाहून नानाय चकित झाली. आणखी पाच गणितं विचारली. पाचही बरोबर. तिला सुनेचा खराच अभिमान वाटला.

"अगं, तुला येतंय की सगळं! मग परीक्षा कशाला हवी?"

"मला येतं हे तुम्हाला कळलं, नानाय. नोकरी देणाऱ्याला कसं कळणार?"

"नोकरी कुठं पळून चाललीय? आधी अंगात रक्त भरू दे." नानायनं तिच्या डोक्याचं फडकं आवळून बांधलं आणि पुस्तिका माळ्यावर टाकली.

रविवारी सकाळी मॅमनी पाठवलेली तीनचाकी दारात थांबली. भोंगा दोनदा वाजला. नानाय बाहेर गेली.

"पुढच्या वर्षी नक्की पाठवते म्हणावं मॅमना. पोरगी हुशार आहे हो माझी!"

आत जेनालिन उठून बसली होती. बाळ छातीला लागलेलं. गाडी वळून दूर गेल्याचा आवाज येईपर्यंत ती हलली नाही.